परत येण्याचा पुरावा

आमच्या मोहल्ल्यात कुणी परदेशी निघालं की त्याचे तीनच अर्थ होतात. एक तर तो आखातात नोकरीला चालला, नाहीतर हज-उमऱ्याला, नाहीतर त्याचं पोर तिकडं आहे आणि बाळंतपण आलंय. नुसतं बघायला जाणं ही गोष्ट आपल्याकडं अजून प्रवासात धरली जात नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं स्पेनला जाणार असं कळल्यावर पहिला प्रश्न आला, "तिकडं कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर दुसरा, "मग एवढ्या पैशात दुसरा उमरा झाला असता की!"

प्रश्न चुकीचा नाही. २०१९ साली मी आणि बायको उमरा करून आलो. त्या वेळी टूरवाल्याकडं पासपोर्ट आणि फोटो दिले आणि व्हिसा होऊन आला. एक अर्जसुद्धा डोळ्यांनी पाहिला नाही. त्यामुळं व्हिसा ही काय चीज आहे हे मला साठीनंतर कळलं.

स्पेनचं खूळ मुलाचं. तो इतिहासात एम. ए. झालेला, वय चोवीस, लग्न नाही, स्पर्धा परीक्षांचे दोन प्रयत्न झालेले, नोकरी नाही. कोर्दोब्याची मशीद, इब्ने रुश्दचं गाव, ग्रॅनाडाचा अल-हमरा हे त्याच्या तोंडून दहा वर्षं ऐकतोय. आमच्या पिढीला त्यातलं एवढंच ठाऊक, की इक्बाल १९३३ साली तिथं गेले आणि 'मस्जिद-ए-कुर्तबा' लिहिली. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेतून. हातात चार पैसे होते, गुडघे अजून चालत होते. ठरवलं.

स्पेनचा व्हिसा म्हणजे शेंगेनचा व्हिसा, एकोणतीस देशांना मिळून एकच. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत. पण पंधरा दिवसांत निकाल हा नियम असला तरी तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, हे विसरू नका. फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो, म्हणजे आठ हजारांच्या वर, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. वैद्यकीय खर्चापासून मृतदेह परत आणण्यापर्यंत सगळं त्यात यायला हवं. ते शेवटचं कलम वाचून बायको म्हणाली, "हे एक बरं केलंय त्यांनी."

फोटोबद्दल बायकांच्या मनात शंका असते, म्हणून सांगतो. डोक्यावर दुपट्टा चालतो. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि त्यावर सावली पडता कामा नये, एवढंच.

तारखा काढताना दोन पंचांगं समोर ठेवावी लागली. आमची ईद ३१ मार्चच्या आसपास येत होती. त्यांचा ईस्टर २० एप्रिलला, म्हणजे १३ एप्रिलपासून त्यांचा पवित्र सप्ताह. त्या आठवड्यात अंदालुसियात मिरवणुकांना लोक लोटतात आणि खोल्या परवडत नाहीत. म्हणून २ ते १२ एप्रिल. माद्रिद, टोलेडो, कोर्दोबा, सेव्हिल, शेवटी ग्रॅनाडा. अकरा तारखेला शुक्रवार होता. ग्रॅनाडात अल्बायसिनच्या टेकडीवर २००३ साली उघडलेली मशीद आहे, तिथं जुम्मा पडायचा असं ठरलं. कोर्दोब्याच्या मशिदीत नमाज पडता येत नाही. ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्दुर्रहमानने बांधायला घेतलेली ती इमारत १२३६ पासून चर्च आहे, आणि तिथं आपण तिकीट काढून आत जायचं, खांब बघायचे, बाहेर यायचं. मला त्याचं दुःख वाटावं अशी मुलाची अपेक्षा होती बहुतेक. मला वाटलं, उभी आहे हे काय थोडं आहे?

मुलाला तारिफाहून बोटीनं टँजिअरही करायचं होतं, आणि जिब्राल्टर तर करायचंच होतं. ७११ साली तारिक इब्न झियाद जिथं उतरला आणि ज्याच्या नावानं तो डोंगर जबल-तारिक झाला, ते जिब्राल्टर. पण ते पडलं इंग्रजांकडं, टँजिअर मोरोक्कोत. दोन्हीकडची परवानगी वेगळी काढायची, आणि शेंगेनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पाऊल टाकलं की परत आत येता येत नाही. तारिकला हा प्रश्न पडला नव्हता. दोन्ही ठिकाणं यादीतून गेली.

आता कागद. इथं आपल्या लोकांची खरी परीक्षा असते.

पासपोर्टच्या अर्जात दोन रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. आपल्याकडं शेख कधी नावाच्या आधी येतो, कधी शेवटी. एकाच घरात एक भाऊ शेख अमुक आणि दुसरा अमुक शेख. बायकांच्या नावात बी, बेगम, बानू हे कधी नावाला चिकटून, कधी सुटं. आतार, मुलाणी, शिकलगार, तांबोळी ही आडनावं इंग्रजीत तीन-तीन तऱ्हेनं लिहिलेली. जुन्या बायकांच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकाना कोराच. २०२२ च्या नोव्हेंबरात अमिरातीनं असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं थांबवलं, तेव्हा कित्येकांची धावपळ झाली; पुढं पासपोर्टच्या मागच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असलं तर चालेल असा खुलासा आला. तुमच्या घरात अशा कोऱ्या रकान्याचा पासपोर्ट असेल तर कुठं जायचं ठरण्याची वाट न बघता दुरुस्त करून घ्या. आमच्या मुलाच्या पदवीवर एक स्पेलिंग आहे, पासपोर्टवर दुसरं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं.

मग जन्मतारीख. आमच्या तिघांपैकी दोघांची, म्हणजे माझी आणि बायकोची, १ जून. साल वेगळं, तारीख एकच. आमच्या काळी गावाकडच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती लिहिली. महाराष्ट्रात १ जूनला किती लाख लोक जन्मले असतील याची गंमत आपल्याला कळते; केंद्रातल्या खिडकीमागच्या मुलीला ती कळली नाही. ती दोनदा पासपोर्ट बघून म्हणाली, "सर, टायपिंग मिस्टेक तर नाही ना?" बायकोनं तिला शिक्षिकेच्या आवाजात सगळी पद्धत समजावून सांगितली. मागं रांग होती.

निकाहनामा उर्दूत, नगरपालिकेतली विवाहनोंदणी मराठीत, अर्ध्या एकराचा सातबारा मराठीत. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचे खातेउतारे, बायकोच्या पेन्शनचा आदेश, मुलाचा खर्च मी करणार असल्याचं पत्र. विमानाचं पक्कं तिकीट मात्र आधी काढू नये, आरक्षण पुरतं, हे मुलानं वाचून ठेवलं होतं. अपवाद अल-हमराचा. तिथली तिकिटं नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकानिशी मिळतात, आतल्या नसरी महालात जायची वेळ ठरलेली असते आणि ती लवकर संपतात. ती त्यानं जानेवारीतच काढली. तीन.

एकेक कागद लावताना माझ्या लक्षात आलं, की हे सगळं आपण कशासाठी जातोय हे सांगण्यासाठी नाहीच. आपण परत येणार हे सांगण्यासाठी आहे. सातबारा, पेन्शन, घराची पट्टी, सगळ्यांचं म्हणणं एकच, हा माणूस इथं बांधलेला आहे. आयुष्यभर बँकेत मी लोकांना कर्ज देताना हेच बघत आलो, जामीन कोण, घर कुठं. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन पाकिटं आली. माझा आणि बायकोचा व्हिसा झाला होता. मुलाच्या पासपोर्टात छापील कागद होता. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्यावर खूण. त्याची खूण या ओळीवर होती: व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे.

ज्यानं रेल्वेच्या वेळा पाठ केल्या, कोर्दोब्यातलं हलाल खानावळीचं घर नकाशावर शोधून ठेवलं, ग्रॅनाडात मगरीब पावणेनऊच्या सुमारास होईल हे आईला सांगून ठेवलं, त्याचाच.

मोहल्ल्यात निकाल लगेच लागला, "नाव बघून नाकारलं." मी तसं मानत नाही. आडनाव तिघांचं एकच आहे. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, बिननोकरीचा पोरगा कुठल्याही जातीधर्माचा असो, त्याच्याकडं दाखवायला सातबारा नसतो, बांधून ठेवणारं काहीच नसतं. अशा मुलांचे अर्ज अडतात हे आमच्या ओळखीतल्या पाटील-जोशांच्या घरांतही घडलंय. पण नाव कधीच मोजलं जात नाही असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. खूण कारण सांगते, मन सांगत नाही. वाईट हे की अशा कागदानंतर पोर स्वतःच विचारायला लागतं. तो एवढंच म्हणाला, "अब्बा, माझ्या परत येण्याचा पुरावा म्हणजे नेमकं काय असेल?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्या किती पोरांना ते देता येईल?

बायको म्हणाली, तिघं नाहीतर कुणीच नाही. मुलगा म्हणाला, तुम्ही दोघं जा. चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

नाकारलेल्या व्हिसावर स्पेनमध्ये दोन वाटा असतात. महिन्याच्या आत त्याच वकिलातीकडं फेरविचाराचा अर्ज, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात दावा. तिसरी साधी वाट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज. त्याला बंदी नसते, मात्र आधी नाकारल्याचं लपवायचं नाही. आम्ही तिसरी धरली. बोटांचे ठसे आधी दिलेले ५९ महिन्यांपर्यंत वापरता येतात. या वेळी पत्र त्यानं स्वतः लिहिलं, एक पान. एजंटाकडचा ठरावीक मजकूर काढून टाकला. काय शिकलो, कुठली परीक्षा मे महिन्यात आहे, तिचं प्रवेशपत्र, गावातल्या महाविद्यालयात जूनपासून तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी आलेलं पत्र, आणि आईवडिलांचे मिळालेले व्हिसा. रोज कुठं राहणार आणि काय बघणार हेही तारखेनिशी.

मग रमजान सुरू झाला. रोज इफ्तारनंतर तो फोनवर अर्जाची स्थिती बघायचा आणि काही न बोलता तरावीहला निघायचा. माझं तिकिटाचं आरक्षण दोनदा सुटलं, दर वाढत गेले. मी ते त्याला सांगितलं नाही.

सव्विसाव्या रोज्याला दुपारी कुरियर आला. मी सही करून पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते हळूच फाडलं, पानं चाळली आणि थांबला. स्टिकर होता. प्रवेश एक, मुक्काम अकरा दिवस. वैधतेच्या तारखा मात्र सव्वीस दिवसांच्या होत्या, ते बघून बायको म्हणाली, मग चार दिवस जास्त राहू की. त्यात पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते, विमान चुकलं-माकलं तर. राहायचं अकराच दिवस, हे त्यानं तिला समजावलं. आवाज नेहमीचा होता.

मग पासपोर्ट माझ्यापुढं धरून म्हणाला, "अब्बा, चष्मा लावा. स्पेलिंग बरोबर आहे का तेवढं बघा."