व्होसो नदीचा सॅमन

नॉर्वेमधील बर्गनहून निघालेली आगगाडी सुमारे सव्वा तासात व्होस या गावी येते. गावालगतच्या सरोवरातून निघून समुद्राकडे धावणारी व्होसो नदी एके काळी थोराड सॅमन माशांसाठी विख्यात होती. सरासरी वजनच १० किलोंच्या घरात भरे. चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही ती पाहून आलो.

आदल्या दिवशी बर्गनच्या मासळीबाजारात पाळीव सॅमन पाहिला होता. मासे न खाणाऱ्या वाचकांनीही हा रूपभेद जाणून घेण्याजोगा आहे. नदीचा मासा सडपातळ. त्याचे पर लांब व टोकदार, शेपूट रुंद आणि रेखीव. पाळीव मासा पोटापाठीशी भरलेला, त्या मानाने डोके लहान, आणि जाळीला व एकमेकांना घासून पर झिजलेले. याला काही अंशी संगोपन कारण आहे: आयते खाद्य मिळते, धबधबा चढावा लागत नाही. काही अंशी ते रक्तातच उतरले आहे. १९७० नंतरच्या दशकात सुमारे ४० नद्यांतील बियाणे आणून, झपाट्याने वाढणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. (भुवनेश्वरची 'जयंती रोहू' हीदेखील नॉर्वेच्याच सहकार्याने अशा निवडीतून सिद्ध झाली.)

पिंजरे फाटतात, पाळीव मासे नदीत शिरतात आणि तेथील माशांशी त्यांचा संकर होतो. त्या संततीची वाढ जलद, परंतु समुद्रात तग धरण्याची शक्ती कमी. व्होसोचा वंश १९८०च्या दशकाअखेर कोसळला, त्यास हे एक कारण. पिंजऱ्यांभोवती बोकाळणाऱ्या समुद्री उवा हे दुसरे. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. मूळ वंशाचे बियाणे सुदैवाने आधीच जपून ठेवले होते. त्यापासून वाढविलेली पिल्ले पुढे नावेमागे ओढत, उवांच्या टापूपलीकडे, खुल्या समुद्रात नेऊन सोडली गेली. एवढा खटाटोप आम्ही एखाद्या माशासाठी प्रथमच ऐकला!

नॉर्वेतील कित्येक नद्यांत शरद ऋतूत पाणबुडे प्रवाहाबरोबर पोहत मासे मोजतात आणि पर, शेपूट व ठिपके यांवरून पाळीव मासा हेरून त्याला भाल्याने टिपतात. मात्र लहानपणीच निसटून समुद्रात वाढलेला मासा हुबेहूब नदीच्या माशासारखा दिसू लागतो. तेव्हा त्याचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली धरून, झाडाच्या बुंध्यातल्यासारखी त्यावरील वाढीची वलये वाचावी लागतात.