साताऱ्यातल्या तीन शाळा

साताऱ्याला गेलं की अजिंक्यतारा चढायचा, कंदी पेढे घ्यायचे आणि गाडी कासकडे वळवायची, असाच तुमचा बेत असतो ना? या खेपेला एक दिवस गावातच थांबा आणि शाळा बघा. हसू नका! सुट्टीत कुणी शाळा बघतं का, असं म्हणाल. पण या तीन शाळा बघाच. बघताना प्रत्येक ठिकाणी एकच विचारा : इथे कुणाला येता येत होतं?

पहिली प्रतापसिंह हायस्कूल. आज ती जिल्हा परिषदेची आहे. पूर्वी ती सरकारी हायस्कूल होती आणि राजवाड्यात भरायची. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इथे इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. होय, तेच आपले बाबासाहेब! म्हणून तर २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

नाव नोंदलं गेलं, पण पुढे? त्या दिवसांतल्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना कोपऱ्यात एकटं बसावं लागे. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ शिपायानेच सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही! नऊ-दहा वर्षांचा मुलगा, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या वयाचा.

आता दुसरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा! पुढे १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी भरायला पैसे नाहीत? मग काम करा. कमवा आणि शिका! मला विचाराल तर तिन्हींत ही शाळा मला जास्त जवळची वाटते.

तिसरी सैनिक स्कूल, २३ जून १९६१ ला सुरू झालेली, देशातली पहिली. हिच्या आत सहज शिरता येत नाही बरं का, फाटकातूनच बघावं लागेल. मैदानं, शिस्त, प्रबोधिनीत जाण्याची तयारी, सगळं झकास. पण प्रवेशाला मोठी परीक्षा, शिवाय फी. आणि मुली? त्यांना सैनिक शाळांची दारं सरसकट उघडली ती थेट २०२१ साली!

आई-बाबा शाळा निवडताना दहावीचा निकाल आणि बसची सोय विचारतात. विचारू देत, तेही हवंच. तुम्ही मात्र आपल्या गावातली झेडपीची शाळा आणि खासगी शाळा एकदा जवळून पाहून या. पाण्याचा नळ कुठे आहे, शेवटच्या बाकावर कोण बसतं आणि ज्याच्याकडे फी नाही तो कुठे शिकतो, एवढं वहीत टिपून आणा.