गंजलेली जीप, धनुर्वात आणि न दिसणारे धोके



"डॉक्टर, गंजका पत्रा लागलाय, एक टीटी देऊन टाका." हे वाक्य दवाखान्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पेशंटनं हात पुढे केला की पुढचं मला पाठ असतं. जखम बहुतेक वेळा इवलीशी असते. भीती मात्र मोठी असते, आणि ती सगळी त्या तांबूस गंजाची असते.

गेलं दीड वर्ष ही भीती माझ्या स्वतःच्या अंगणातही आहे. चिपळूणला माझ्या थोरल्या मामांची एक जीप होती. महिंद्र कंपनीनं १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. मामांची जीप त्याच घराण्यातली, सत्तरच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. मामा गेल्यावर ती अठरा वर्षं फणसाखाली उभी होती. कोकणातला पाऊस आणि खारी हवा यांनी तिचं जे करायचं ते केलं. "भंगारात द्यायच्या आधी एकदा बघून जा रे," असा मामींचा निरोप आला, आणि आम्ही ती ट्रकवर चढवून कुंभार्ली घाटातून कराडला घरी आणली. तेव्हापासून रविवार आला की मी, माझा मुलगा आणि आमचे ओळखीचे मिस्त्री असे तिघं तिच्याभोवती असतो.

जुनी गाडी घरच्या घरी उभी करण्याचा नाद अनेकांना असतो. म्हणून हा लेख. गाडी कशी दुरुस्त करावी हे मी सांगणार नाही, ते मिस्त्रींचं काम. त्या कामात शरीराला कशाचा धोका असतो आणि कशाचा नसतो, एवढं आपण समजून घेऊ.

गंजामुळे धनुर्वात होतो का?

नाही. गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांचं मिळून झालेलं लोहाचं ऑक्साइड. मीठ असलं की ही क्रिया वेगानं होते, म्हणून कोकणातल्या गाडीचा पायाखालचा पत्रा आधी जातो. पण गंजात धनुर्वात नसतो.

धनुर्वात होतो तो क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जिवाणूमुळे. १८८९ साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञानं तो प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. याचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात असतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. खोल, अरुंद, मेलेल्या पेशी किंवा माती अडकलेली जखम ही अशी जागा. तिथे हे जिवाणू एक विष तयार करतात. ते नसांमधून मज्जारज्जूपर्यंत पोचतं आणि स्नायूंना सैल सोडणारी यंत्रणाच बंद पाडतं.

मग गंजक्या खिळ्याचं नाव का झालं? कारण तो बहुतेक वेळा मातीत पडलेला असतो, त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला माती धरून राहते आणि तो खोल घुसतो. दोष मातीचा आणि खोलीचा, बदनामी गंजाची.

मी निवासी डॉक्टर असताना सरकारी रुग्णालयात एक शेतकरी दाखल झाले होते. दातखीळ बसलेली, पाठ धनुष्यासारखी ताणलेली, अंधाऱ्या खोलीत ठेवलेले. दार जरा जोरात लागलं तरी त्यांच्या सगळ्या अंगाला झटका यायचा. शुद्ध पूर्ण शाबूत, त्यामुळे प्रत्येक झटका त्यांना कळत होता. त्यांना गंजलेलं काही लागलं नव्हतं. आठ-दहा दिवसांपूर्वी पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो त्यांनी घरीच काढला होता. महिन्याभरानं ते वाचले आणि चालत घरी गेले. जाण्याआधी आम्ही त्यांना लस दिली, तेव्हा त्यांच्या मंडळींनी विचारलं, "आता एवढं भोगून झालं, परत कशाला?" प्रश्न बरोबर होता. पण धनुर्वाताचं विष इतक्या कमी मात्रेत काम करतं की आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. ती फक्त लसीनंच मिळते.

मग टीटी कधी घ्यायची?

आता खरं तर 'टीडी' म्हणायला हवं. २०१९ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आली आहे. ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. हिशेब साधा आहे.

लहानपणापासूनचे डोस पूर्ण झाले असतील तर मोठेपणी दर १० वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम लहान आणि स्वच्छ असेल, आणि शेवटचा डोस १० वर्षांच्या आतला असेल, तर इंजेक्शनची गरज नाही. जखम खोल किंवा मातीनं भरलेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील, तर बूस्टर घ्यावा. आयुष्यात तीन डोस झालेच नसतील किंवा काहीच माहीत नसेल, तर लस सुरू करावी लागते. अशा वेळी मळकी जखम असेल तर सोबत तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं.

"दर सहा महिन्यांनी टीटी घेतो, काळजी नको" असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यानं जास्त संरक्षण मिळत नाही, उलट दंड सुजून लाल होण्याची शक्यता वाढते. इंजेक्शनपेक्षा आधीचं काम महत्त्वाचं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं भरपूर धुणं. तिच्यात हळद, ग्रीस किंवा पेट्रोल भरू नका.

आमच्या घरी जीप आली त्याच आठवड्यात तिघांचेही डोस तपासून घेतले. मिस्त्रींना शेवटचा डोस कधी घेतला ते आठवेना. ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीस वर्षं पत्र्यातच हात आहेत माझे, काय होत नाही." तरी त्यांनी बाही वर केली.

जुन्या रंगात काय असतं?

आता गंजापेक्षा मोठ्या गोष्टीकडे येऊ. आमच्या जीपचे रंगाचे थर खरवडले तेव्हा सगळ्यात खाली शेंदरी-लाल थर लागला. हा थर दोन प्रकारचा असू शकतो. एक रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाचंच ऑक्साइड, गंजाचा भाऊबंद म्हणा. दुसरा रेड लेड, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आपला पारंपरिक शेंदूर तो हाच. लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी तो पूर्वी सर्रास वापरायचे. नुसत्या डोळ्यांनी हे दोन ओळखता येत नाहीत. वरच्या पिवळ्या, हिरव्या रंगांतही शिसं असू शकतं. घरगुती आणि शोभेच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली. वाहनांचे रंग त्या नियमात येत नाहीत, आणि आमची जीप तर त्याआधी चाळीस वर्षांची.

रंग पत्र्यावर घट्ट बसलेला असतो तोवर त्रास नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावला की त्याची धूळ होते. ती श्वासातून जाते, हातावरून जेवणात जाते आणि कपड्यांवरून घरात जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं शरीर पोटात गेलेल्या शिशाचा चार-पाच पट जास्त वाटा शोषून घेतं. ते त्यांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. बुद्धी, लक्ष आणि वागणं यांवरचा हा परिणाम पूर्ण भरून येत नाही. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच.

आमच्या घरात दोन वर्षांची नात आहे. जे दिसेल ते तोंडात घालायचं तिचं वय, आणि जीप तिच्या खेळायच्या जागेपासून पंधरा पावलांवर. मुलाचं म्हणणं होतं, "बाबा, सगळे घरीच घासतात. मास्क लावू, दार बंद ठेवू." स्वतःच्या हातांनी पत्रा उघडा करण्यातच त्याची सगळी मजा होती, हे मला कळत होतं. तरी मी नाही म्हणालो. बॉडी सुटी करून गावाबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये पाठवली. खर्च वाढला, दोन महिने गेले, आणि त्यातले पहिले आठ-दहा दिवस मुलगा माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होता. सूनबाईंनी बाजू घेतली ती माझी. ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे तिथे जुना रंग घासायचा नाही, या मतावर मी आजही ठाम आहे.

तसं कोणी घरात नसेल तरी पथ्यं पाळा. कोरडं घासू नका, पाणी लावून पॉलिश पेपरनं घासा. ब्लो लॅम्पनं रंग जाळू नका, त्याची वाफ अधिक वाईट. कापडी रुमाल नाकाला बांधून उपयोग नाही, बारीक कण अडवणारा घट्ट बसणारा मास्क लागतो. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बंद करून टाका.

डोळ्यातही गंज चढतो

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो बुबुळावर बसला की अश्रूंच्या ओलाव्यात काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचं कडं तयार होतं. कण निघाला तरी कडं राहतं, ते नेत्रतज्ज्ञांनाच काढावं लागतं. रुमालाच्या टोकानं किंवा काडीनं शेजाऱ्याकडून कण काढून घेऊ नका.

छिन्नी-हातोड्यानं जाम बोल्ट तोडताना उडालेला कण याहून धोक्याचा. तो डोळ्याच्या आत शिरू शकतो, आणि दुखणं मात्र फारसं नसतं. आत राहिलेलं लोखंड हळूहळू दृष्टिपटल खराब करतं. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. तेव्हा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून स्वतःच घालत राहू नका, त्यानं जखम भरत नाही. बाजूनंही बंद असलेला गॉगल आणि वेल्डिंगची काच, एवढ्यानं हे सगळं टळतं.

इंजिन, पेट्रोल आणि जॅक

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पेट्रोल इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळणं आणि बाहेर आल्यावर बरं वाटणं ही त्याची खूण. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतं, त्यावर विसंबू नका.

टाकीतलं पेट्रोल नळीनं तोंडानं ओढू नका. चुकून घोट गेलाच तर उलटी करवू नका, कारण पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं. त्या माणसाला सरळ रुग्णालयात न्या.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. आधी चाकांना ओट लावा, लोखंडी स्टँड द्या, गाडी हलवून बघा, मग खाली जा.

आता सगळं एकत्र ठेवून पाहा. गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याला घाबरतो आणि इंजेक्शन घेऊन निर्धास्त होतो. बीजाणू, शिशाची धूळ, वायू या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवण कोणाला होत नाही. इंजेक्शन यांतल्या एकाच गोष्टीपासून वाचवतं. बाकीच्यांसाठी पाणी, साबण, गॉगल, योग्य मास्क, उघडं दार आणि कधीकधी घरच्यांना "नाही" म्हणण्याची तयारी लागते.

तुमच्या दारात अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर जरूर हात घाला. फार आनंदाचं काम आहे. फक्त पहिला पाना उचलण्याआधी शेवटचा टीडी डोस कधी झाला ते शोधा, आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस दिवसभर कुठे खेळतं ते एकदा बघून या.