पात्याचा सूर

सकाळी अण्णांच्या खोलीतून, मशीन सुरू व्हायच्या आधी, एक आवाज यायचा. टण्ण. सतारीची तार कुणी एकदाच छेडावी तसा. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायची. अण्णांचा काहीतरी चाळा, एवढंच वाटायचं.

बस्तीच्या दारासाठी ते नक्षीच्या करवतीवर सागवानी अष्टमंगलं कापत होते. पाच झाली. झारी, आरसा आणि पंखा राहिला, आणि अण्णा गेले. वर्षभरानं मीच बोलून बसले, उरलेली तीन मी करीन म्हणून.

पहिल्याच दिवशी तीन पाती मोडली. भीतीनं सैल ठेवलं, तर पातं रेघ सोडून भलतीकडेच जायला लागलं. जाड फळीत तर कापाला मधे पोट सुटायचं. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही.

"अक्का, बोटानं वाजवून बघा की."

वाजवलं. थप्प.

"झोपलंय ते. ताणा थोडं."

आणखी थोडं ताणलं. मग एकदम टण्ण.

माझा हात तिथंच राहिला. मिस्त्री बोलत होते ते कानावर पडत होतं. दात खालच्या बाजूला हवेत. मधोमध बोटानं बाजूला दाबलं तर पातं तीनेक मिलिमीटर हलावं, जास्त नको. रुंद पातं ताण सोसतं, बारीक तेवढा सोसत नाही. आतली नक्षी कापायची तर भोक पाडून त्यातून पातं ओवायचं, म्हणजे दर भोकाला ताण सोडा, लावा, वाजवा.

"आणि काम झालं की सैल करा. रात्रभर ताणून ठिवू नये."

हे मला ठाऊक होतं. सूर्यास्ताआधी जेवायला हाक मारली की अण्णा आधी तो खटका सैल करायचे, मग हात धुवायचे.

पण मी खोली उघडली तेव्हा पातं ताणलेलंच होतं, गंजलेलं. काही विचार न करता काढून टाकलं होतं मी ते. त्या दुपारी अण्णा चहापुरते उठले होते. त्यांना परत येऊन बसायचं होतं.

झारी झाली, आरसा झाला. पंख्याला एकवीस भोकं आहेत. दर भोकाला वाजवून बघते. संध्याकाळी खटका सैल करते, मग दार ओढून घेते.