कळकलेलें ताक

'कळकणें' या मराठी क्रियापदाला इंग्रजींत नेमका प्रतिशब्द आम्हांस आजवर सांपडलेला नाहीं. ताक किंवा चिंचेची आमटी बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत कांहीं वेळ राहिली, म्हणजे तिला जी जीभ आवळून टाकणारी, पोटांत ढवळून आणणारी चव येते, तिच्यासाठीं आमच्या गृहिणींनीं हा स्वतंत्र शब्द घडविला. ज्या अनुभवाला वेगळा शब्द लागतो, तो पिढ्यान्‌पिढ्या घरोघर आलेला असला पाहिजे. महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं; दरवर्षीं 'संक्रमणी धातु' हा विभाग येतो, आणि फळ्यावर इलेक्ट्रॉनांच्या चौकटी काढण्यापूर्वीं आम्ही वर्गाला या शब्दाचा अर्थ विचारतों. अलीकडे तो ठाऊक असलेला विद्यार्थी क्वचित् भेटतो. भांडीं बदललीं, त्यांबरोबर शब्दही गेला. त्याचें दुःख मानावें कीं आनंद, हें वाचकांनींच पुढें ठरवावें.

संक्रमण म्हटलें कीं तिळगूळ आठवावा हें साहजिक आहे. येथेंही अर्थ तोच, एका राशींतून दुसऱ्या राशींत जाणें. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणींत डाव्या टोकाला सोडियम, कॅल्शियम यांसारखे उतावळे धातु बसतात, उजवीकडे गंधक, क्लोरीन वगैरे अधातूंची मंडळी असते. मधल्या लांब पट्ट्यांत टायटॅनियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबें, आणि खालच्या ओळींत चांदी, प्लॅटिनम, सोनें, असे हे संक्रमणी धातु येतात. त्यांचा स्वभाव समजण्यास जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. सोडियमची सारी देवघेव ओटीवरची. तेथें बसलेला एक इलेक्ट्रॉन तो देऊन टाकतो आणि व्यवहार संपतो. लोखंडाच्या वाड्यांत ओटीच्या आंत एक माजघर आहे. शास्त्रांत त्याला 'डी' उपकवच म्हणतात. त्यांत दहा इलेक्ट्रॉनांची सोय असते, पण या धातूंच्या संयुगांत तें बहुधा पुरतें भरलेलें नसतें. ओटीवरचे निघून गेले तरी प्रसंग पडल्यास माजघरांतूनही एकदोघे बाहेर येतात, आणि कधीं परतही जातात. म्हणून लोखंड कधीं दोन इलेक्ट्रॉन देतें, कधीं तीन. तांबें एक किंवा दोन. मँगनीज तर दोनांपासून सातांपर्यंत मजल मारतें. जस्त याच ओळीच्या टोकाला बसतें खरें, परंतु त्याच्या माजघरांतील दहाही जागा भरलेल्या, आणि दार कायमचें बंद. काटेकोर व्याख्येनें तें या गटांत मोडत नाहीं. पितळ म्हणजे या जस्ताची तांब्याशीं केलेली मिसळ.

आतां कळकण्याकडे वळूं. तांब्यावर नुसता आंबट रस ओतला तर तें सहसा विरघळत नाहीं. त्याला हवेंतील प्राणवायूची मदत लागते. हवा लागून पृष्ठभागावर ऑक्साइडाचा पातळ थर धरतो, आणि तो थर आंबट रस चटकन् उचलून नेतो. दिवाळीपूर्वीं चिंचेच्या कोळानें समई घासली असतां ती झळकते ती याच कारणानें. तीच क्रिया आमटींत सावकाश होऊं लागली म्हणजे तिची साक्ष जीभ देते. यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडें तापवी, नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्यानें आंतला भाग पुसून काढी, आणि त्या पांढऱ्या धुरांत कथील फिरवून भांडें रुप्यासारखें करी. तो वास पन्नाशी उलटलेल्या वाचकांच्या नाकांत अजून असेल. नवसागर तापून त्यांतून निघणारें आम्ल धातूवरचें ऑक्साइड साफ करतें, हें त्या कारागिरास पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. कामाचा क्रम मात्र त्याचा कधीं चुकत नसे.

माजघराच्या याच अपुरेपणांतून रंगही निघतात. मोरचूद म्हणजे तांब्याचें सल्फेट. त्याचा निळा खडा परीक्षानळींत तापविला कीं त्यांतील पाणी उडून पांढरी भुकटी उरते, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब पडतांच निळाई परत येते. तांबें तेंच, सल्फेट तेंच. भोवतीं पाण्याचे रेणु येऊन बसले एवढ्यानें आंतल्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांमधील अंतर बदलतें, आणि प्रकाशांतला तांबडा भाग शोषला जाऊन उरलेला निळा आपल्या डोळ्यांस दिसतो. इतक्या वर्षांत हा प्रयोग पाहून आम्हांस कधीं कंटाळा आलेला नाहीं. हिरवट हिराकस, म्हणजे लोखंडाचें सल्फेट, उघड्यावर राहिला तर पिवळसर तपकिरी होतो, कारण लोखंडानें तिसरा इलेक्ट्रॉन सोडलेला असतो. तोच हिरड्याच्या काढ्यांत मिसळला म्हणजे काळी शाई होते.

या देवघेवीच्या संवयीवर केवढे कारखाने चालतात त्याची यादी देऊन वाचकांस शिणविण्याचा आमचा विचार नाहीं. वनस्पती तुपाचें उदाहरण पुरे. तेलांत नुसता हायड्रोजन सोडला तर कांहीं घडत नाहीं; परंतु निकेलाची बारीक भुकटी टाकली कीं तिच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूची जोडी फुटते, तेलाचा रेणु तेथेंच येऊन ते सुटे अणु उचलतो, आणि तेल थिजूं लागतें. निकेल आपलें शिल्लकच राहतें. या युक्तीचा पाया घालणारे फ्रेंच रसायनज्ञ साबातिए यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याच पृष्ठभागावर तेलाच्या कांहीं रेणूंस उलटी मुरड पडून 'ट्रान्स' जातीचे स्निग्धांश निर्माण होतात. ते हृदयास घातक ठरल्यामुळें जानेवारी २०२२ पासून भारतांत त्यांवर शेंकडा २ ची मर्यादा घातली गेली. उपकार आणि अपाय एकाच हातानें करणारी ही जात आहे.

शरीरांत याहून वेगळें कांहीं नाहीं. प्रौढ मनुष्याच्या देहांत सुमारें ३ ते ४ ग्रॅम लोखंड असतें आणि त्यांतील बहुतेक रक्तांतील हीमोग्लोबिनांत असतें. हीमोग्लोबिनाच्या एका रेणूंत लोखंडाचे चार अणु. त्यांतील प्रत्येक अणु फुप्फुसांत प्राणवायूचा एक रेणु धरतो आणि स्नायूंत नेऊन सोडतो. नुसतें धरतां येऊन भागत नाहीं, सोडतांही आलें पाहिजे. खेकड्याच्या देहांत हें काम तांबें करतें, म्हणून प्राणवायु मिळतांच त्याचें रक्त निळें दिसतें. मनुष्यास तांबें फार थोडें लागतें. सबंध देहांत तें ग्रॅमच्या दशांशाच्या आसपास भरतें. त्यावांचून चालत नाहीं, आणि तें फाजील झालें म्हणजे इलेक्ट्रॉनांची तीच देवघेव भलत्या ठिकाणीं सुरू होऊन पेशींचा नाश होतो. जास्तीचें तांबें पित्तावाटे बाहेर टाकणें हें यकृताचें काम. तान्ह्या मुलाच्या यकृतांत मात्र जन्मतःच तांब्याचा सांठा मोठा असतो, आणि तें बाहेर टाकण्याची शक्ति अद्याप पुरती आलेली नसते.

येथें आमच्या लहानपणच्या वाड्यांतील एक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. शेजारच्या बिऱ्हाडांत दीड वर्षाचें एक मूल सारखें किरकिरूं लागलें, त्याचें पोट फुगलें, डोळे पिवळे झाले, आणि चार महिन्यांत तें गेलें. 'लिव्हर झालें होतें,' एवढेंच मोठीं माणसें हलक्या आवाजांत बोलत. कोणी कुळाला शाप आहे म्हणत, कोणी पत्रिका काढीत, कोणी आईच्या दुधांतच कांहीं न्यून असल्याचें सुचवीत. त्या माउलीनें तें शेवटचें मनाला लावून घेतलें, आणि दुसरा मुलगा झाला तेव्हां त्याला पहिल्याहून लवकर वरचें दूध सुरू केलें. तें दूध पितळेच्या पातेल्यांत तापे व त्यांतच राही. पातेलें रोज इतकें लख्ख घासलेलें असे कीं त्यांत तोंड दिसावें. तो मुलगाही दोन वर्षांचा होण्यापूर्वीं गेला.

हा आजार मुख्यत्वें भारतांत दिसे, एक ते तीन वर्षांच्या मुलांस होई, एकाच घरांत पुन्हा पुन्हा येई, आणि झालेलें मूल बहुधा वांचत नसे. १९७९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. टॅनर आदि संशोधकांनीं अशा मुलांच्या यकृतांत तांब्याचा सांठा अतिशय वाढलेला असल्याचें प्रसिद्ध केलें. निरोगी यकृत् वाळवून तपासलें तर दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रामहून कमी तांबें मिळतें. या मुलांत तें बहुधा ८०० हून अधिक असे. पुढें १९८३ सालीं टॅनर यांनीं पुण्याच्या डॉ. भावे व डॉ. पंडित यांच्यासह लवकर सुरू केलेल्या वरच्या दुधाकडे आणि तें ज्यांत तापवीत त्या पितळी भांड्यांकडे बोट दाखविलें. एकाच प्रकारच्या भांड्यांतील दूध प्यालेलीं सर्वच मुलें आजारी पडलीं नाहींत. कांहींच्या शरीराची जन्मजात दुर्बलताही त्यांत भागीदार असावी, असें तज्ज्ञांचें मत आहे. परंतु भांडें बाजूला केल्यावर आजारही ओसरला, ही गोष्ट डोळ्यांआड करतां येत नाहीं.

आम्हांस यांत सर्वांत विलक्षण वाटतें तें हें कीं दूध कळकत नाहीं. तें आंबट नाहीं, त्याची चव बिघडत नाहीं, त्याला हिरवी झांक येत नाहीं. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन तांब्याला असें घट्ट धरून ठेवतें कीं पातेल्यांतून तें सावकाश दुधांत उतरत राहतें आणि जिभेला त्याची वार्ताही लागत नाहीं. ताकाच्या भांड्याला आमच्या आजीपणजी कल्हई केल्यावांचून राहत नसत, कारण ताक तक्रार करी. दुधाच्या भांड्याची कल्हई उडाली तरी चालून जाई. त्यांच्या अनुभवशास्त्राला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्याचें एकुलतें एक उपकरण जीभ होतें, आणि नेमक्या या ठिकाणीं तें उपकरण मुकें होतें. औषध सांपडलें तेंही याच विद्येंतून. पेनिसिलमाइन नांवाच्या द्रव्याचा रेणु तांब्याला पकडून मूत्रावाटे बाहेर नेतो, आणि तें वेळेवर दिल्यानें कांहीं मुलें वांचलीं.

भांडीं बदललीं तीं मात्र हा शोध वाचून नव्हे. घासण्याचा आणि कल्हईचा त्रास चुकावा म्हणून लोकांनीं पितळ मोडींत काढून स्टेनलेस स्टील घेतलें. १९१३ सालीं शेफील्डच्या ब्रिअर्ली यांनीं क्रोमियम मिसळून जें न गंजणारें पोलाद केलें, त्याच्याच जातीचें हें. क्रोमियम स्वतः संक्रमणी धातु. हवा लागतांच तो आपल्याभोवतीं डोळ्यांस न दिसणारा ऑक्साइडाचा पडदा ओढून घेतो, आणि ओरखडा पडला तर पडदा पुन्हा धरतो. तांब्यावरचा थर चिंचेला दाद देतो, हा सहसा देत नाहीं. अशा रीतीनें एका संक्रमणी धातूनें दुसऱ्याला स्वयंपाकघरांतून घालविलें.

अलीकडे तांबें परत येत आहे. आमच्या वर्गांत दर बांकावर एकदोन तांब्याच्या बाटल्या दिसतात. त्यांत केवळ खूळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०१२ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवलेल्या पाण्यांतील अतिसाराचे जंतु मरतात असें दाखविलें, आणि पाण्यांत उतरलेलें तांबें जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागें २ मिलिग्राम या मर्यादेच्या पुष्कळ आंत होतें. साध्या पाण्याला तें भांडें उत्तम. परंतु त्याच बाटलींत लिंबाचें सरबत भरून आणणारे विद्यार्थीही आम्हांस भेटतात.

गेल्या महिन्यांत आमची पुतणी बाळंतपणाहून परतली, ती सांगूं लागली, "काका, तांबं शुद्ध असतं ना? बाळाचं दूध त्यांतच तापवीन म्हणते." आम्हीं तिला शेजारच्या बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली नाहीं, बाळंतिणीला ती सांगूं नये. इतकेंच सांगितलें कीं सहा महिने तरी स्वतःच्या दुधाशिवाय कांहीं देऊं नकोस. पुढें वरचें दूध देशील तें स्टीलच्या पातेल्यांत तापव. आणि आजीचें चांदीचें बोंडलें आहे, तें खुशाल वापर.