जिभेला जाळी

आमच्या गिरणीत अपघाताचं एक रजिस्टर आहे. लाल पुठ्ठ्याचं. त्यात तुटलेलं बोट चढतं, डोक्याला पडलेली खोक चढते, तेलावरून घसरलेला माणूस चढतो. कायदाच आहे तसा. दुखापतीनं माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर मालकाला ते वर कळवावं लागतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या त्यातही आहे. जुन्या कायद्याच्या मागे रोगांची यादी होती, २९ रोगांची. शिशाची बाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग, आवाजानं येणारा बहिरेपणा. मी ती दोनदा वाचली, बोट ठेवून वाचली. मनाचा रोग त्यात एकही नाही. जसं काही आम्ही मन गेटावर वॉचमनकडे जमा करतो अन् सुटताना परत घेतो.

मी रिंगफ्रेमवर सायडर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं, परत जोडायचा. शाळा नववीत सुटली. वाचायची सवय लागली ती कसब्यातल्या रद्दीच्या दुकानात. कविता लिहितो, म्हणून खात्यात मला कवी म्हणतात, काही मायेनं, काही टिंगलीनं. पण ही गोष्ट कवितेत मावेना. तिला मागण्या आहेत, आकडे आहेत. म्हणून असं सरळ लिहितोय.

गिरणीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील तिथंच वाईट आहे. तुमच्याकडं काय वेगळं आहे ते तुम्ही बघा.

आमच्या लायनीत एक दोस्त आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, लग्न झालेला, एक पोरगी. हात असा की धागा तुटल्याचं दिसायच्या आधी जोडलेला. खात्यातला संडास तुंबला की सफाईवाला यायच्या आधी सुपरवायझरची नजर फिरायची. सत्तर माणसांवरून फिरायची अन् बरोबर आम्हा तिघांवर येऊन थांबायची. आडनावं मस्टरवर असतातच की. एके दिवशी दोस्त म्हणाला, "साहेब, मी सायडर आहे. ते माझं काम नाही." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तेवढंच बोलला.

तिथून त्याला लागोपाठ पाच आठवडे रात्रपाळी. तीही आधी सांगून नाही. रात्री नऊला मोबाईलवर निरोप यायचा, अकराला हजर. रविवारी निरोप, पोरीच्या वाढदिवसाला निरोप. खात्यात हाक मारायची तर ‘ए’ म्हणून, सगळ्यांसमोर. धागा जोडताना त्याचा हात कापायला लागला. संडासात वीस-वीस मिनिटं बसून राहायचा. मस्टरवर शेरा पडला : कामचुकार. मला म्हणाला, "गड्या, सत्तर माणसं अन् एवढ्या मशिनी, पण मला त्याच्या बुटाचा आवाज आधी ऐकू येतो."

झोप लागत नाही म्हणून तो शेवटी सांगायला गेला. उत्तर आलं, "झोप येत नाय? मग येरवड्याला जा की. ही गिरणी आहे, धर्मशाळा नाय."

पुण्यात येरवडा म्हणजे काय हे सांगायला नको. तिथं मोठा जेल आहे अन् तिथंच मनोरुग्णालय आहे. बरं करायला बांधलेल्या दवाखान्याची आपण शिवी केली. या एका शब्दाच्या भीतीनं कितीजण आतल्या आत कुजतात. पाय मोडला तर माणूस लंगडत घरी येतो, गल्ली विचारते, काय झालं रं? मन मोडलं की तोच माणूस घरी येऊन पोरांवर ओरडतो. गल्ली म्हणते, पिऊन आला वाटतं.

आता कुणी म्हणेल, गिरणीचं काम म्हटलं की आवाज आला, घाम आला, मन घट्ट पाहिजे. आम्ही आवाजाला भीत नाही. मी कसब्यात वाढलोय, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. हातोड्यांची टाकटिक ऐकत झोपलोय अन् तीच ऐकत उठलोय. आज तिथं भट्ट्या थोड्या उरल्या, पण मठारकाम अजून चालतं. एकेका भांड्यावर शेकडो ठोके. कान जातात, खांदे जातात. ते कामही सोपं नाही, अन् तो हातोडा तरी जातीनंच वाटलेला. पण मी एक बघत आलोय. खांदा भरून आला की तांबट हातोडा खाली ठेवतो, चहा पितो, परत उचलतो. विचारावं लागत नाही कुणाला. आमचा खांदा भरून आला तर आम्हाला परवानगी लागते, अन् परवानगी मागितली की शेरा.

फरक इथं आहे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं १९७९ साली हेच मांडलं. कामाचा रेटा जास्त अन् त्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा कमी, हे दोन्ही एका ठिकाणी आलं की माणूस खचतो. नुसत्या कष्टानं एवढा खचत नाही. आमच्या आज्यानं हे पुस्तकाशिवाय सांगितलं असतं.

अन् आपल्या लोकांच्या बाबतीत तिसरी एक गोष्ट त्यात मिसळते, ती परदेशी पुस्तकात सापडायची नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी धोट्याला लागेल म्हणून त्या खात्याचं दार आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, धरून बसले. पगाराचं नुकसान तर होतंच. पण रोज दारावरून जाताना आपल्या तोंडाला विटाळ आहे हे ऐकत जायचं, त्याचं काय? ते कुठल्या रजिस्टरात चढलं? १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या खात्यात दोन्हींची ड्यूटी एकाच पाळीत लागते.

हे फक्त गिरणीतलं आहे असंही समजू नका. २०२४ च्या जुलैत याच पुण्यात, काचेच्या एसी ऑफिसात नोकरीला लागून चार महिने झालेली एक तरुण सी.ए. पोरगी वारली. तिच्या आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला पत्र लिहिलं. पोरीवर कामाचा डोंगर होता, रात्री न् सुट्टीच्या दिवशीही काम होतं, अन् अंत्ययात्रेला ऑफिसातलं कुणी आलं नाही. सप्टेंबरात ते पत्र देशभर वाचलं गेलं. दोन तासांच्या अंतरावर दोन जगं, खुर्ची वेगळी, पगार वेगळा. पण मोबाईलवर रात्री येणारा निरोप सारखाच.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० ला गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवार आता खिशातल्या मोबाईलनं परत ओढून घेतलाय. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणायची दिशा धरली गेली अन् १९४६ ला कायदा झाला. अन् सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील म्हणतात. कागदावर राहतीलही. जागतिक आरोग्य संघटना अन् जागतिक कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून आकडा काढला : आठवड्याला ५५ तास किंवा जास्त राबल्यामुळं २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसं मेली, मेंदूच्या झटक्यानं अन् हृदयविकारानं.

मग साहेब लोकांनी करायचं काय? त्यांनी डॉक्टर व्हावं असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडं मध्यंतरी एक इनचार्ज आला होता. त्यानं पंधरा दिवसांच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला. सगळ्यांना नावानं हाक मारायला लागला. संडासाचं काम ज्याचं त्यालाच, हे सुपरवायझरला सगळ्यांसमोर सांगितलं. दोस्ताला बाजूला घेऊन विचारलं, "झोप लागते का?" हसला नाही. महिनाभर त्याला दिवसपाळी दिली, वायंडिंगला बसवलं, डॉक्टरकडं जायला सुट्टी दिली अन् शेरा मारला नाही. एवढंच. यात पैसा किती गेला? तक्त्याचा कागद अन् चिकटपट्टी. दोस्ताचा हात थांबला. लायनीत धागेही कमी तुटायला लागले, कारण मशीन बिघडतंय हे माणसं भीतीशिवाय आधीच सांगायला लागली.

आठ महिन्यांनी त्याची बदली झाली. दुसऱ्या आठवड्यात तक्ता गेला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

म्हणून मला चांगल्या साहेबाचं कौतुक करायचं नाही. माझं भांडण हेच आहे. आमचं मन साहेबाच्या स्वभावावर टांगून ठेवू नका. मशीनच्या पट्ट्याला लोखंडी जाळी असते. ती फिटर दयाळू आहे म्हणून बसवलेली नसते, कायद्यानं बसवलेली असते. तशी जाळी साहेबाच्या जिभेला अन् त्याच्या पाळ्या लावायच्या पेनला पाहिजे. होत नाही असं नाही. २०१३ च्या कायद्यानं, जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला तिथं बायांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती सक्तीची झाली. वायंडिंगमधल्या बाया सांगतात, भिंतीवर समितीचा बोर्ड लागल्यापासून काही तोंडं जपून उघडतात. सगळी नाही, काही. पण त्या बोर्डाची बदली होत नाही.

आम्ही अकरा जणांनी अर्ज लिहिलाय. अक्षर माझं, मुद्दे सगळ्यांचे. पाळीचा तक्ता पंधरा दिवस आधी लागावा. सुट्टीच्या दिवशी निरोप नको. आलाच तर न आल्याबद्दल शिक्षा नको. हाक नावानं. काम हुद्द्यावरून, आडनावावरून नाही. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातून वर जाऊ नये. मनाच्या आजाराची रजा तापाच्या रजेसारखीच, अन् परत आलेल्याला थोडे दिवस हलकं काम. अन् सुपरवायझरला या गोष्टींचं शिक्षण. हा शेवटचा मुद्दा वाचून एकजण हसला, म्हणाला साहेबांना शिकवणार कोण? मी दाखवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामाच्या जागेवरच्या मानसिक आरोग्याबद्दल शिफारशी केल्या, त्यात व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या हे स्पष्ट लिहिलंय.

अर्जाच्या खाली एक ओळ दोस्तानं स्वतः घातली, भिंतीवर लावायची म्हणून : सरकारची टेली-मानस सेवा, फोन १४४१६, पैसे लागत नाहीत. तो म्हणाला, मला हा नंबर तेव्हा कुणी दिला नाही, दुसऱ्याला मिळू दे.

अर्ज ऑफिसात दिलाय. क्लार्क घेत नव्हता, म्हणाला असे अर्ज नसतात. आम्ही पोच मिळेपर्यंत टेबलासमोर उभे राहिलो. पोच माझ्याकडं आहे, शिक्क्यासकट. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात बावीस सह्या घेऊन जाणार. तुमच्या खात्यात असा अर्ज गेलाय का?