डबर आत गेला

कोयनेच्या धरणावर गेलेला माणूस आधी उंचीला हात जोडतो. 103 मीटर म्हणजे काही थट्टा नाही. मला मात्र त्या भिंतीच्या पोटात काय आहे याचीच ओढ. धरण रबल काँक्रीटचं. काँक्रीटचा थर ओतायचा, त्यात धुऊन घेतलेले मोठमोठे डबर बसवायचे, वर पुन्हा थर. सह्याद्रीचा एवढा काळा कातळ सुरुंग लावून फोडला, निवडला आणि आत घातला, पण बाहेरून त्यातला बहुतेक दगड दिसतच नाही. देवळाच्या पाथरवटाला निदान आपला चिरा नातवाला दाखवता येतो.

1954 साली कामाचा नारळ फुटला आणि पाटण तालुक्यातल्या हेळवाकच्या अंगाला, झाडीत, कोयनानगर वसलं. साहेबांचे बंगले, कारकुनांची क्वार्टर्स, कामगारांच्या खोल्या. धरणाच्या कामावर वडारांची पालं ठरलेलीच. ती कडेला पडायची आणि काम सरकलं की उठायची.

दगडाच्या कामावरचा दिवस हजेरीनं उजाडतो. मुकादमानं नाव पुकारलं की हातात पहार, सुतकी, छिन्नी. जाणता वडार घाव घालायच्या आधी दगडाभोवती एक फेरी मारतो, सुतकीनं इथंतिथं ठोकून कान देतो. शीर सापडली की चार घावांत दोन फाका. नाही सापडली तर दुपारपर्यंत नुसता घाम आणि नडगीवर उडालेल्या कपच्यांचे ओरखडे. बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं घेऊन रांगेनं चढतात. मधल्या सुट्टीत भाकरी आधी की झोळीतलं पोर आधी, हा हिशेब त्यांचा त्यांनाच करावा लागतो. मुकादमाशी मराठी बोलायची, चुलीपाशी तेलुगूच्या वळणाची वडारी. आठवड्याच्या बाजारात पगाराचे पैसे येतात तसे जातात, कारण आधी घेतलेली उचल फेडायची असते. आणि कोयनेचा पाऊस! वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. लाकडं ओली, इरलं ओलं, चूल धुराची.

1962च्या सुमाराला जलाशय भरू लागला तसे जमिनीतून आवाज यायला लागले. सुरुंगाच्या बारासारखे. ज्यांचा जन्म बार ऐकण्यात गेला त्यांनी त्याची फारशी पर्वा केली नसेल. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, साडेचारलाही थोडा अवकाश असताना, कोयनानगर गाढ झोपेत होतं आणि जमीन हलली. जवळपास 180 माणसं गेली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. कोयनेची वीज तुटली आणि तिकडं मुंबईतल्या गिरण्या थांबल्या. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण धरण उभं राहिलं.

याचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. पण मला वाटतं, हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. पाण्यासाठी बांधलेल्या भिंतीला तोलून-मापून काँक्रीट आणि माणसांच्या भिंतींना मातीचा गिलावा, हे तर सरळ दिसतं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, ज्याला आपण पक्कं घर म्हणतो तेच जीव घेतं. पाल अंगावर पडलं तर माणूस शिव्या देत बाहेर येतो. पुढं धरणाला मागून काँक्रीटचे टेकू दिले, भिंत आणखी भक्कम केली. त्याही कामाला माणसं लागलीच, आणि तीही कुठंतरी राहिलीच असणार.

कराडच्या स्टँडवर असाच एक म्हातारा भेटला होता, कोयनेच्या कामावर असलेला. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख नव्हतं. तिथं कातडीच घट्ट झालेली.

“आजोबा, तुमच्या हातचा दगड कुठल्या बाजूला हाय?” मी जरा लाडात येऊन विचारलं.

“आत गेला न्हवं त्यो,” म्हणाला. “बघाया मिळतोय व्हय? फुटलं धरण तर दिसंल. आन् ते फुटू ने.”

एवढं बोलून त्यानं बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली, आणि मग खालच्या आवाजात, जणू घरच्या दुभत्या म्हशीची चौकशी करावी तसं विचारलं, “पेपरात काय दिलंय आज? टीएमसी किती झालं?”

मी सांगितला आकडा. त्यानं मान हलवली. “अजून पंधरा दीस पडाय पायजे,” म्हणाला, आणि पाटणच्या गाडीची पाटी वाचायला मलाच उठवलं.